सरांचं निरोगी रक्त

"परत लाल!" युनशूने कपाळावर हात मारला. "मेले मी, पंग दादा!"

आजारी रक्ताची रेघ पडद्यावर लाल आली असती तर तिने पेढे वाटले असते. पण ही नळी निरोगी रक्ताची होती. आपल्या पेशी एकमेकींना इवल्या इवल्या पुड्या पाठवत असतात, त्यांना म्हणायचं एक्झोसोम. जंतूंमुळे अंगात सेप्सिसचं विष भिनू लागलं की या पुड्यांतला माल आधी बदलतो. तो बदल पकडणारी चाचणी युनशूने चेंगडूच्या या प्रयोगशाळेत जिवाचं रान करून उभी केली होती. आज दुपारी इस्पितळाची समिती ती बघायला येणार होती. धडधाकट माणसाला मरणाच्या दारात नेऊन बसवणारी चाचणी कोण घेणार?

निरोगी रक्त बाहेरून आणायची इथे रीत नव्हती. सकाळी उपाशीपोटी आपल्यातल्याच कुणीतरी दंड पुढे करायचा. आज पंगने रक्त दिलं, त्याची रेघ हिरवी आली. दुसरी, लाल आलेली नळी प्रयोगशाळेच्या प्रमुखांची, सरांची.

पंग खुसखुसला. "म्हातारा फाटकाजवळ तिखट नूडल्स चापून आलाय, दुसरं काय!"

भरल्या पोटी रक्त दिलं की त्यात चरबी मिसळते आणि यंत्र फसतं. 'उपाशीपोटी या' ही दारावरची पाटी सरांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती.

"तूच विचार ना त्यांना. तू मोठा आहेस."

"चाचणी तुझी आणि शिव्या मी खाऊ? वा गं वा!"

तेवढ्यात सरच आले. ऐन जूनच्या उकाड्यात गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याचा थर्मास. कुणाचं काहीही दुखो, सरांचं औषध एकच, गरम पाणी पी. युनशूला हसू आलं, ते तिने दाबलं. शेवटी डोळे मिटून तिने विचारून टाकलं.

"सर, रागावू नका हं. सकाळी नूडल्स खाल्ल्यात का?"

"मी? नूडल्स?" सर कडाडले. "इथे तोंड उघडत नाहीये माझं! परवा दाढ काढली तेव्हापासून जबडा सुजलाय. कालपासून पोटात घास नाही, सकाळपासून हुडहुडी भरलीय, म्हणून नुसतं गरम पाणी पितोय. आणि ही मला चोर ठरवते! तुझी चाचणीच भिकार आहे, दे फेकून!"

पंगचं हसू कुठल्या कुठे गेलं. युनशूने पडद्यावरच्या लाल रेघेकडे पाहिलं, मग सरांच्या चेहऱ्याकडे. सरांना हात लावायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. तिने सरळ त्यांच्या कपाळावर तळवा ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"दादा, गाडी काढ. इस्पितळात, आत्ताच्या आत्ता!"

"अगं, पण समिती येतेय," सरांचे दात वाजत होते. "चाचणीचं काय?"

युनशूने त्यांच्या हातातला थर्मास काढून घेतला.

"चाचणी पास झाली, सर. नापास तुम्ही झालात."