बूट चावले

पुढच्या आठवड्यात उत्तरा ऑफिसच्या मैत्रिणींसोबत हिमालयात निघाली होती. आठ दिवस गाइडमागं डोंगर चढायचे, रोज नव्या डाकबंगल्यात मुक्काम. तिची वहिनी प्रेमिला कधी कन्हान नदीच्या पलीकडे गेली नव्हती. तिच्या पोटात दुखत होतं.

नणंद ऑफिसला गेली की प्रेमिला तिचे कोरे बूट घालून गच्चीचा जिना चढे-उतरे.

तिसऱ्या संध्याकाळी उत्तरानं टाचा दाखवल्या. दोन्हींवर फोड आले होते.

"बूट चावल्यासारखं झालं वं वहिनी! पण मी तर अजून घातलेच नाही. काहून झालं असंन?"

प्रेमिलानं हळूच खोबरेल लावलं. "मग राहू दे ना जाणं."

"नाही वं, मी जाईनच."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमिलानं उजव्या बुटात टोकदार खडा टाकला, नाडी आवळली आणि वीसदा जिना चढली.

तिला खडा एकदाही टोचला नाही.