महिन्याची मेस

एक तारखेला, रविवारी, शलाकाने महिन्याच्या मेससाठी काकूंच्या टेबलावरचा कोड स्कॅन केला. स्पीकर खणखणीत बोलला, “नऊ दिवसांचे पैसे मिळाले.”

रांगेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मेलेल्यांचे पैसे परत करायची कटकट नको म्हणून कोड हल्ली माणूस जगणार तेवढ्याच दिवसांचे पैसे कापायचा, आणि तो कधीच चुकला नव्हता.

“काकू, पूर्ण महिन्याचे घ्या ना!” शलाकाला रडू फुटलं.

“खा गं बाई आधी.” रविवारी मोजून एकच गुलाबजाम देणाऱ्या काकूंनी तिच्या ताटात दोन वाढले.

मागच्या मृण्मयीने तिला जवळ घेतलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा फोन कोडपुढे धरला. नऊ दिवस. तिसरीचेही नऊच.

काकूंनी गुलाबजामचं अख्खं पातेलं रांगेपुढे आणून ठेवलं.