अबू हाबिसचा नियम

जॉर्डनमधल्या इर्बिद शहराच्या पाणीपुरवठ्यात अबू हाबिसनं तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवले. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, हे त्यालाच ठाऊक. तो निवृत्त होण्याआधी इंजिनिअर रनीमनं त्याची सगळी अक्कल विचारून विचारून संगणकात भरली. आता संगणकच पाणी सोडतो.

अबू हाबिसच्या गल्लीत दहा दिवस पाणी नव्हतं आणि तीन दिवसांवर मुलीचं लग्न. त्यानं पुन्हा फोन लावला.

"रनीम, पोरी, टाकी ठणठणीत कोरडी आहे!"

"काका, तुम्ही रोज तक्रार करता ना, म्हणूनच पाणी येत नाही."

"म्हणजे?"

"संगणक म्हणतो, रोज बोंबलणाऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच असतात. खरा तहानलेला गप्प बसतो, आधी त्याला पाणी द्या."

"कुठल्या गाढवानं शिकवलं त्याला हे?"

अबू हाबिसच्या हळूहळू ध्यानात आलं. त्यानं फोन ठेवला आणि गल्लीत दारोदार जाऊन बजावलं, "खबरदार, कुणी तक्रार केलीत तर!"

दोन दिवस गल्ली चिडीचूप. तिसऱ्या दिवशी, ऐन लग्नाच्या सकाळी, नळ धो धो वाहू लागले.

अबू हाबिस वऱ्हाडातल्या एकेकाला अडवून सांगत होता, "बघितलंत? माझा नियम कधी चुकत नाही."