ठरावाचा चहा

विदर्भातून पुण्यात आलेल्यांच्या मंडळाने वारज्यात स्वतःचं सभागृह बांधावं का, हे ठरवायची बैठक अकरा वर्षांच्या शिरस्त्याने मंदाकिनीबाईंच्याच हॉलमध्ये भरली. स्वयंपाकघरात बाईंचे कान बाहेर लागलेले, आणि गॅस मोठा करूनही चहाला उकळी येईना.

"सभागृह कशाला? मुलगा सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेल्यापासून वहिनींचं घर रिकामंच तर असतं," कोणीतरी म्हणालं.

बाईंनी घाईघाईने कप भरले आणि ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या.

"ज्यांना सभागृह हवं, त्यांनी हात वर करा," अध्यक्ष गावंडे म्हणत होते.

बाईंचे दोन्ही हात ट्रेला. "अहो, थांबा जरा."

"सावकाश येऊ द्या, वहिनी," म्हणत गावंडेंनी पहिला कप उचलला. "एकही हात नाही. ठराव एकमताने नामंजूर."