बैरंग पत्र

साहेब, माझ्या हातचं पत्र तुमच्या डाकेच्या कायद्यानं मलाच नाकारलं. होणाऱ्या व्याह्याशी तलावाच्या पाण्यावरून भांडलो आणि रागात पोरीची सोयरीक मोडल्याचं पत्र बैरंग, म्हणजे बिनतिकिटाचं, पेटीत टाकलं. आमच्याकडे असंच धाडतात; पत्र घेणाऱ्याकडून पैसे वसूल करायचे म्हणून डाकवाला हमखास पोचवतो. पोर जेवेना, तेव्हा राग उतरला. डाकबाबू म्हणाला, "पेटीत पडलं की पत्र ज्याच्या नावाचं त्याचं. वापस पाहिजे तं वरून हुकूम आणा." मी डाकवाल्याच्या आधी चिचगडला व्याह्याच्या दारात पोचलो. "इवाई, माझं पत्र येऊन राहिलं, घेऊ नका." "काऊन? शिव्या लिहिल्या का?" डाकवाला येताच त्यानं हसून "नाही घेत" म्हटलं. पत्र माझ्याकडे परतलं, लग्न लागलं. सांगा साहेब, त्यानं नको म्हणताच जे माझं झालं, ते मी मागितलं तेव्हा माझं का नव्हतं?