कोबीच्या वाफ्यातले खड्डे

"चोरा, बाहेर ये!" मार्चेलोनं मेहुण्याच्या फाटकावर लाथ घातली. आत शिरून त्यानं पिका नावाच्या आपल्या कुत्रीला कोबीच्या वाफ्यातल्या खुंटाला बांधलं आणि बाह्या सरसावल्या.

लिव्हियो हात पुसत आला. "काय झालं, भावोजी?"

"मलाच विचारतोस? ओकाच्या झाडाखालची जागा खणून नेली. ओढ्याकाठची नेली. काल टेकडीमागचीही! वर खड्डे बुजवायचीही लाज नाही!"

मोटोवूनच्या रानात ट्रफल काढणारा आपली जागा सांगत नाही. मातीखालची ती पांढरी, उग्र वासाची अळंबी कुठे मिळते, हे बाप मुलाला मरतानाच सांगतो, तेही आढेवेढे घेत. मार्चेलो तर परतताना मुद्दाम आडवाटेनं यायचा. पिकाला कुणी पळवू नये म्हणून या हंगामात त्यानं तिच्या गळ्यासाठी नवा पट्टा घेतला होता. ती कुठे आहे ते फोनवर दिसायचं. 'माहिती फक्त तुमच्याकडेच राहील,' असं पट्ट्याच्या खोक्यावर ठळक छापलं होतं. आयुष्यात एकदाच, पाय मुरगळला तेव्हा, लिव्हियोच्या खांद्यावर हात टाकून तो ओकापाशी गेला होता. मग दुसरा कोण असणार?

"मी एवढा ओकच पाहिलाय, भावोजी. बाकीच्या जागा मला काय माहीत?"

"आला असशील शेपटासारखा माझ्या मागे!"

अंधार पडेस्तोवर मार्चेलोनं त्याचा उद्धार केला. मेलेल्या सासूलाही सोडलं नाही. पिका कंटाळून खुंटापाशीच झोपली.

सकाळी लिव्हियो त्याच्या दारात उभा होता. एका हातात उपटलेला कोबी, दुसऱ्या हातात एका अनोळखी माणसाची मानगूट.

"बोल! माझ्या कोबीत काय खणत होतास, सांग भावोजींना."

माणसानं फोन पुढे केला. नकाशावर लाल ठिपके होते. "कुत्रं जिथं जास्त वेळ थांबतं, तिथं ट्रफल असते. पट्टेवाली कंपनीच विकते हा नकाशा. मी विकत घेतलाय, साहेब!"

मार्चेलोनं पाहिलं. ओक. ओढा. टेकडी. आणि लिव्हियोचा कोबी.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोपासून लपवलं, पोरापासून लपवलं, आणि या हरामखोरांना रोज स्वतःच्या पायांनी नेऊन दाखवलं! त्यानं पिकाच्या गळ्यातला पट्टा ओरबाडला, उंबऱ्यावर टाकला आणि कुदळीनं त्याचा चेंदामेंदा केला. तोवर तो माणूस पळाला होता.

लिव्हियोनं कोबी पायरीवर ठेवला आणि पाठ फिरवली. "येतो, भावोजी."

"थांब!" मार्चेलो खेकसला. "एक जागा उरलीय. पट्टा घेतल्यापासून तिकडे गेलो नाही. चल, तुला दाखवतो."