कोणती तुझी?

"जा, घे तुझी लेक," नर्सबाई म्हणाल्या, आणि धुणेवाली दारातच थबकली.

व्हरांड्यात उन्हाच्या पट्ट्यात ओळीनं दुपटी अंथरलेली. प्रत्येकावर एक मूल. सगळ्यांच्या डोक्यांचा उवांपायी गोटा केलेला, सगळ्यांच्या अंगात आरामघराची तीच पांढरी झबली. त्या काळी आजारातून उठलेल्या गरीब बायांना, अंगी ताकद यावी म्हणून, मुलांसकट शहराबाहेर असं आणून ठेवत. पण हिचा ताप हटेना, म्हणून डॉक्टरांनी मायलेकींना वेगळं केलं होतं. महिना कधीच उलटला. आज डॉक्टरांनी छाती तपासून मान डोलावली, तशी ती पदर सावरत धावत आली. आणि आता पाय उचलेना.

तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग उलटं पाहिलं. कुठली चादर कुणाच्या घरची हे नुसत्या हातानं ओळखणारी बाई, तिला पोटची पोर सापडेना.

तेवढ्यात कोपऱ्यात एक चिपाड झालेलं लेकरू दिसलं. बरगड्या मोजून घ्याव्यात असं. तिच्या जिवात जीव आला.

"काडे! अगं माझे काडे!" म्हणत तिनं ते उचलून छातीशी धरलंसुद्धा.

"अगं बाई, तो कालच आलाय. आणि मुलगा आहे तो!" नर्सबाईंना हसू आवरेना. "तुझी ही बघ."

त्यांनी एक लोण्याचा गोळा तिच्या हातात दिला. हात एकदम खाली गेले.

"बाई, चुकताय तुम्ही. ही कुणा खात्यापित्या घरची आहे."

"खात्यापित्या घरचं इथं कोण येतंय? मानेवरचा तीळ बघ की."

पिळून टाकलेला कपडा उलगडावा तशा तिनं मानेच्या वळ्या एकेक करून उकलल्या. अगदी आतल्या वळीत तीळ होता. जागच्या जागी. पोरीला गुदगुल्या झाल्या. ती खिदळली, आईकडं परक्यासारखं टकमक बघत राहिली, आणि मग दोन्ही हात पसरून नर्सबाईंकडं झेपावली.

धुणेवालीनं तिला कसंबसं सावरलं. तीळ तर खरा होता. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, पण "काडी" काही ओठांबाहेर येईना.

"दुपारच्या गाडीनं निघालात तरी चालेल. दोघी ठणठणीत आहात," नर्सबाई म्हणाल्या आणि पुढच्या दुपट्याकडं वळल्या.

खांबाला टेकून शिलाईवाली आपल्या तान्ह्याला पाजत बसली होती. हिच्याच गल्लीतली, भिंतीला भिंत लागून राहणारी.

"आता असं गं कसं झालं?" धुणेवाली तिच्याजवळ जाऊन पुटपुटली. "माझीच, आणि मलाच ओळखू येईना."

"कशाला जीव खालीवर करतेस?" शिलाईवाली मान वर न करता म्हणाली. "चार दिवस घरचं खाऊ दे. येईल ओळखू."